ईवुड पार्क: साडेतीन तारे आणि एक सोलापुरी चादर

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कुणाचा ते पुढे येईल.

मी पुण्याची. सदाशिव पेठेतली नव्हे, कोथरूडची. पेठेतल्यांना हा फरक महत्त्वाचा वाटतो म्हणून आधीच सांगून टाकते. गेली अकरा वर्षं लँकशायरमधल्या डार्वेन गावात राहते. इथली माणसं त्याला 'डारेन' म्हणतात, मी अजून पाटीवर लिहिलंय तसं म्हणते आणि बसवाल्याला दोनदा सांगावं लागतं. नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. फुटबॉलशी माझा संबंध चिरंजीवांमुळे. वर्षाचा असताना पुण्याहून उचलून आणलेलं हे पोर पहिलीत गेलं आणि बाकावरच्या मित्राचं बघून ब्लॅकबर्न रोव्हर्सचं झालं. मँचेस्टरला दोन मोठे क्लब, लिव्हरपूलला दोन, आणि आमच्या दिवट्याने निवडला तो नेमका पुणेकर मालकाचा! त्या वयात त्याला हे कुठून माहीत असणार? मला माहीत होतं, पण तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

तर हा रिव्ह्यू रोव्हर्सच्या ईवुड पार्क या मैदानाचा, तिथल्या शनिवार दुपारचा आणि ओघाने तिथल्या गिऱ्हाइकांच्या मालकांशी चाललेल्या पंधरा वर्षांच्या भांडणाचा. पुण्याहून पोराबाळांकडे इंग्लंडला येणारे आईबाबा 'तिकडे एखादी मॅच बघायची आहे' म्हणतात, त्यांच्या उपयोगी पडेल.

आधी पोचायचं कसं. आम्ही डार्वेनहून बोल्टन रोडच्या बसने जातो, मैदानाच्या दारातच उतरवते. ब्लॅकबर्नला गाडीने येत असाल तर मिल हिल स्टेशनवर उतरून वीसेक मिनिटं चाला. ती गाडी येईलच याची खात्री मी देणार नाही. एकदा माझी बहीण मँचेस्टरहून यायला निघाली आणि रेल्वे कंपनीने तिला फलाटावर दीड तास थंडीत उभं केलं. ती आली तेव्हा मध्यंतर होऊन गेलं होतं आणि ती फक्त चहा प्यायली.

मैदान १८९०पासून इथे आहे. तीन बाजूंचे स्टँड मोठे आणि १९९०च्या दशकातले. चौथा, नदीकाठचा रिव्हरसाइड, जुना आणि बुटका, मध्ये खांब असलेला. आम्ही तिथेच बसतो. खांब आडवा येतो तेव्हा मान काढून बघायचं, भरत नाट्य मंदिरात पुढच्या बाईंच्या अंबाड्याआडून बघतो तसं. पण रिव्हरसाइडचा फायदा असा की समोर जॅक वॉकर स्टँड दिसतो, त्यात संचालकांच्या खुर्च्या आहेत, आणि त्यांत कोण बसलंय नि कोण नाही हे इथून मोजता येतं. आमच्या रांगेतले लोक सामना सुरू होण्याआधी तेच करतात.

पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या शेजारी एक आजोबा होते. सत्तरीच्या पुढचे, निळ्या-पांढऱ्या लोकरीच्या टोपीतले, मांडीवर थर्मास. लँकशायरच्या रिवाजाप्रमाणे मला 'लव्ह' म्हणाले. कुठून आलात? म्हटलं, भारतातून. भारतात कुठे? इंग्लंडमध्ये या प्रश्नाचं माझं उत्तर ठरलेलं असतं, 'मुंबईच्या जवळ', कारण पुणं कुणाला माहीत नसतं. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी 'पुणे' म्हणाले.

आजोबा मागे वळले आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई पुण्याची आहे!"

रांग गप्प. मग मागून कुणीतरी म्हणालं, "मग त्यांना सांग की फोन उचला."

आजवर पुण्याचं नाव काढल्यावर लोकांना पेशवे, विद्यापीठ, नाहीतर बाकरवडी आठवलेली मी पाहिली आहे. ईवुड पार्कमध्ये पुणं म्हणजे वेंकीज. नोव्हेंबर २०१०मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीजच्या राव कुटुंबाने हा क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला. आपल्याकडे हे घर कोंबडी नि अंड्यांमुळे माहीत. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१मध्ये पुण्यात हॅचरी सुरू केली आणि देशातला कुक्कुटपालनाचा धंदा उभा केला. टीव्हीवरची अंड्यांची जाहिरात ज्यांना तोंडपाठ आहे त्यांना वेगळं सांगायला नको. लहानपणी आमच्या घरी रविवारी अंडी आणायला बाबा जायचे आणि पेपरातला भाव बघूनच जायचे. आजोबांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तुझ्या वडिलांनीच आमचा क्लब विकत घेतला म्हणायचं." मी हसले. ते हसले नाहीत.

इथे थोडं मागे जाते. ब्लॅकबर्न म्हणजे कापडगिरण्यांचं गाव. क्लब १८७५चा, १८८८मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारांपैकी एक. गावचा पोरगा जॅक वॉकर पोलादाच्या धंद्यात गब्बर झाला आणि १९९१मध्ये त्याने क्लब हातात घेतला. मॅनेजर म्हणून केनी डाल्ग्लिशला आणलं, गोल करायला अॅलन शिअररला आणलं, आणि १९९५मध्ये शेवटच्या दिवशी लिव्हरपूलकडून हरूनही रोव्हर्स प्रीमियर लीग, म्हणजे इथली सर्वांत वरची श्रेणी, जिंकले, कारण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमशी बरोबरी सोडवता आली नाही. वॉकर २००० साली गेले. मैदानाबाहेर त्यांचा पुतळा आहे आणि आजोबा त्याच्यासमोरून जाताना टोपीला हात लावतात, आपण गणपतीच्या देवळावरून जाताना लावतो तसा. अशा मालकाच्या जागी दुसरा कुणीही आला असता तरी सासुरवास झालाच असता, हेही मला दिसतं.

पण पुढे जे झालं त्याला सासुरवास म्हणता येत नाही. क्लब घेऊन महिना होतो न होतो तोच सॅम अॅलरडाइस या मुरलेल्या मॅनेजरला काढलं आणि त्याच्याच हाताखालच्या स्टीव्ह कीनला बसवलं. संघ घसरत गेला. त्याच काळात खेळाडूंची एक जाहिरात आली, ड्रेसिंग रूममध्ये बसून कोंबडीच्या तंगड्या खाणारे अकरा वाघ. ऑक्टोबर २०११मध्ये, संघ तक्त्याच्या तळाशी गटांगळ्या खात असताना, त्याला पुण्याला नेऊन बालेवाडीत पुणे एफसीशी प्रदर्शनी सामना खेळवला. माझा दादा तो सामना बघायला गेला होता. परदेशी क्लब गावात आला म्हणून त्याला भारी वाटलं, घरी येऊन दोन दिवस तेच. हे मी आजोबांना सांगितलं आणि लगेच पस्तावले. त्यांनी थर्मासचं झाकण हळूच घट्ट केलं. "बरं झालं," म्हणाले. "कुणाला तरी मजा आली."

मे २०१२मध्ये प्रीमियर लीगमधून गच्छंती. पुढच्या हंगामात हेनिंग बर्ग ५७ दिवस मॅनेजर, मायकेल अॅपलटन ६७ दिवस. पुण्यात भाड्याचं घर सोडल्यावर डिपॉझिट परत मिळायलाही याहून जास्त दिवस लागतात. २०१७मध्ये तर तिसऱ्या श्रेणीत घसरण, १९९५चा विजेता संघ! एका वर्षात वर आले ते आले, पण तेव्हापासून दुसऱ्या श्रेणीत लटकलेले. मध्ये भारतात परकीय चलनाची चौकशी लागली आणि मालकांना क्लबला पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागू लागली. दिल्लीतल्या तारखेवर लँकशायरमधल्या सेंटर फॉरवर्डची खरेदी अडकते, हे पोराला समजावताना माझी दमछाक झाली. २०२४च्या सुरुवातीला अॅडम व्हार्टन हा घरात वाढलेला गुणी पोरगा क्रिस्टल पॅलेसला विकला. २०२५मध्ये महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला. लॅबमधली माझी एक सहकारी मुलीला घेऊन त्या सामन्यांना जायची, तिने त्या दिवशी डबाच उघडला नाही.

आता गिऱ्हाईक म्हणून माझी अडचण सांगते. पुण्यात दुकानदाराने 'आहे ते असं आहे, घ्यायचं तर घ्या' म्हटलं, की आपण नाक उडवून समोरच्या दुकानात जातो. (परत त्याच्याचकडे येतो ही गोष्ट वेगळी.) फुटबॉलमध्ये समोरचं दुकान म्हणजे बर्नली. दहा-बारा मैलांवर आहे, चांगलं चाललेलं असतं, आणि तिथे जाण्यापेक्षा आजोबा उपाशी राहतील. दुकान बदलता येत नाही अशा गिऱ्हाइकाने करायचं काय? ईवुडवर पंधरा वर्षं हाच प्रश्न चालू आहे, आणि त्यांनी काय काय करून पाहिलं ते ऐकण्यासाठी मी सामन्याइतकंच कान देऊन बसते.

सगळ्यात गाजली ती कोंबडी. ७ मे २०१२, विगनविरुद्ध सामना, धो धो पाऊस, हरलो तर खाली जाणार. कुणीतरी क्लबचं निळं-पांढरं फडकं गुंडाळलेली खरीखुरी कोंबडी मैदानात सोडली. जगभर फोटो गेला, पुण्यातल्या पेपरांतही आला असावा. विगनने शेवटी शेवटी गोल केला आणि रोव्हर्स खाली गेले. आजोबा तेव्हा इथेच होते. त्यांचं मत: कोंबडीने क्लबचं हसं केलं, मालकांचं नाही. चिरंजीवांचं मत: कोंबडीला थंडी वाजली असणार. मी दोघांशी सहमत. दोन तारे, त्यातला एक कल्पनेचा.

मग अठरा-पंचाहत्तर. क्लबचं साल १८७५, म्हणून लोकांनी अठराव्या मिनिटाला आत यायचं आणि पंचाहत्तराव्याला उठून जायचं. पुणेकर म्हणून मला ही कल्पना फार आवडली, हिशेब आहे, इतिहास आहे, वर मालकाला टोमणा. पण आजोबा म्हणतात की तिकीट काढून बाहेर उभं राहणं आणि आतला आरडाओरडा ऐकत राहणं यापेक्षा दात काढून घेणं बरं. शिवाय पैसे गल्ल्यात गेलेलेच. समोरच्या खुर्चीत बघायला कुणी नसेल तर उठून गेलेलं दिसणार कुणाला?

लिव्हरपूलवाल्यांनी हेच केलं आणि त्यांचं जमलं. फेब्रुवारी २०१६मध्ये मालकांनी सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरवलं, तर हजारो लोक बरोबर सत्त्याहत्तराव्या मिनिटाला उठून गेले. तेव्हा संघ २-० पुढे होता, लोक गेल्यावर सामना २-२ झाला. चार-पाच दिवसांत मालकांनी माघार घेतली आणि माफीही मागितली. मला यातलं काय पटतं, तर मागणी एकच होती, ती एका आकड्यात मावत होती आणि मालकाला ती मान्य करून घरी जाता येत होतं. जर्मनीतही तसंच. २०२३च्या अखेरीला लीगने प्रक्षेपणाच्या कमाईतला वाटा बाहेरच्या गुंतवणूकदाराला द्यायचा घाट घातला, तर आठवडेच्या आठवडे मैदानात टेनिस बॉल पडत राहिले. सामने थांबत, बॉल वेचत, परत सुरू. टीव्हीवाले वैतागले आणि तो व्यवहार २०२४च्या फेब्रुवारीतच गुंडाळला. 'तुम्ही दुकानच विका आणि चालते व्हा' ही मागणी मात्र टेनिस बॉलने पुरी होत नाही. ती मान्य करायला आधी कुणीतरी घेणारा लागतो.

त्यासाठी आजोबा ब्लॅकपूलचं नाव काढतात. इथून पश्चिमेला, समुद्रावर. तिथे ऑइस्टन कुटुंब क्लबातून पैसे काढून घेतं म्हणून लोकांनी 'यापुढे एक पेनीही नाही' म्हणत मैदानात पाऊल टाकणंच बंद केलं. तिकीट नाही, खायची 'पाय' (पाई) नाही, क्लबच्या दुकानातला कॉफीचा मग नाही. वर्षानुवर्षं! त्यात पोरांचं बालपण सरलं. फेब्रुवारी २०१९मध्ये कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या हाती क्लब गेला आणि मार्चमध्ये साउथएंडविरुद्ध पंधरा हजारांवर लोक घरी परतले. आजोबा हे सांगताना डोळे पुसतात आणि वर म्हणतात की ब्लॅकपूलबद्दल त्यांना काडीचं प्रेम नाही. मी मात्र त्यांना दर वेळी टोकते. ब्लॅकपूलचे मालक हलले ते बहिष्काराने की भागीदाराने केलेल्या खटल्याने? खटला नसता तर लोक अजून बाहेरच उभे असते. ते म्हणतात, लोक बाहेर नसते तर भांडणाला एवढा अर्थ कुठला? आमचं हे मध्यंतरातलं ठरलेलं भांडण आहे.

आणि ईवुडची गाठ तर वेगळीच. ब्लॅकपूलचा मालक पैसे काढत होता. पुण्याचे मालक घालतात. दरवर्षीचा तोटा तेच भरतात, आजवर वीस कोटी पौंडांच्या पुढे गेले आहेत. मग 'चालते व्हा' म्हणायचं आणि ते खरंच गेले तर? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मी ही म्हण आजोबांना इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "आमच्याकडे ते चावतही नाही, पळतही नाही. घरी येतच नाही." त्यांची खरी तक्रार पैशांची नाहीच. सुरुवातीची वर्षं सोडली तर मालक मैदानात दिसत नाहीत. पैसा येतो, माणूस येत नाही. आपल्याकडे परदेशातल्या मुलांबद्दल ज्येष्ठ नागरिक संघात हीच तक्रार ऐकू येते. हे लिहिताना मला माझ्या आईचे चार मिस्ड कॉल आठवले.

एकतीस हजारांच्या मैदानात अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या असतात. त्यातल्या काही रागाने रिकाम्या, काही कंटाळून. मालकाला दुरून दोन्ही सारख्याच दिसत असणार, बहिष्काराचा हा मोठा दोष. शेफील्ड वेन्सडेच्या लोकांनी तो बरोबर ओळखला असं मला वाटतं. २०२५च्या ऑक्टोबरात त्यांनी एका सामन्यावर ठरवून बहिष्कार टाकला, दोनच दिवसांत क्लब दिवाळखोरी हाताळणाऱ्या प्रशासकांच्या ताब्यात गेला, मालकाचा हात सुटला, आणि त्याच लोकांनी क्लबच्या दुकानाबाहेर रांगा लावल्या. न येणारे नक्की कशासाठी येत नव्हते, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. त्याच वर्षी जुलैमध्ये इंग्लंडात फुटबॉलसाठी कायदा होऊन स्वतंत्र नियामकही आला, मालकांची तपासणी करणारा. आजोबांनी त्याचं परिपत्रक छापून आणलं होतं, चष्मा विसरले म्हणून मी वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर त्यांना डुलकी लागली.

बहिष्कार म्हटल्यावर मला जे आठवतं ते इथे कुणाला सांगितलं की आधी खोटं वाटतं. १९०५च्या ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, सावरकरांच्या पुढाकाराने, टिळकांच्या उपस्थितीत. ते कापड कुठलं? बरंचसं लँकशायरचंच असणार. पुढे बहिष्कार देशभर पसरला, इथल्या गिरण्यांचे माग थांबले, आणि १९३१च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेला आलेले गांधीजी मुद्दाम इथे, आमच्या डार्वेनला आले, बेकार झालेल्या गिरणी कामगारांना भेटायला. गिरणीतल्या बायका त्यांच्याभोवती हात उंचावून जल्लोष करताहेत असा फोटो आहे. ज्याच्यामुळे पोटावर पाय आला त्याचा जयजयकार! आजोबांची आई तेव्हा डार्वेनमध्ये विणकाम करायची. तिने गांधींना पाहिलं का, ते त्यांना ठाऊक नाही. "पण तो आला," आजोबा म्हणाले. "एवढं लांबून आला आणि समोर उभा राहिला."

तर या हिवाळ्यात, मालकांना पंधरा वर्षं झाली त्या हंगामात, चिरंजीवांनी जाहीर केलं की आपणही फलक न्यायचा, तोही मराठीत. इंग्रजी फलक पंधरा वर्षं कुणी वाचले नाहीत ना, मग मराठीत लिहू. राव मंडळी मूळची कुठलीही असोत, पुण्यात राहून पाटी वाचता येत नाही असं होणार नाही. मला आधी भीती वाटली. आपण परक्या गावात, शिवाय पुण्याच्या. मग वाटलं, पुणेरी पाटी हा आपला वारसा आहे, पोराला द्यायलाच हवा.

मजकुरावर दोन संध्याकाळी गेल्या. त्याचा पहिला मसुदा शिवीकडे झुकणारा होता. म्हटलं, अपमान करायचा तर शुद्ध भाषेत आणि सभ्यपणे, नाहीतर तो पुण्यात पोचत नाही. शेवटी ठरलं:

बेल १५ वर्षं वाजवत आहोत.
घरात कोणी आहे का?

कापड म्हणून आईने दिलेली जुनी सोलापुरी चादर निघाली. ही चूक. सोलापुरी चादरीची वीण जाड आणि नक्षीदार, त्यावर रंग बसत नाही, 'घ'चं पोट दोनदा भरावं लागलं. पोस्टर कलर वापरले ही दुसरी चूक. गिरणगावात हातमागाच्या गावची चादर नेतोय याचा मला झालेला आनंद नवऱ्याला कळला नाही. त्याची चादर गेली होती.

मोठ्या फलकांना अशा मैदानांवर आग न धरण्याचं प्रमाणपत्र मागतात, त्यामुळे दारावर धाकधूक होती. तिथल्या सुरक्षारक्षकाने चादर उलगडायला लावली, अक्षरं पाहिली, काय लिहिलंय विचारलं. मी भाषांतर केलं. तो क्षणभर गंभीर राहिला, मग त्याने दुसऱ्या रक्षकाला हाक मारली, त्याला वाचून दाखवायला लावलं, आणि म्हणाला, "कठड्यावर बांधू नका, हातात धरा." त्याने स्वतः घडी घालून परत दिली.

सामना कुणाशी होता ते सांगत नाही, निकाल विचाराल. खाण्याचं मात्र सांगते. शाकाहारी असाल तर येताना बेकरीतून लँकशायरचा बटर पाय घ्या, म्हणजे मैद्याच्या जाड पारीत कांदा-बटाटा, आपल्या भाजीला मिरची-मोहरी विसरले तर कशी लागेल तशी. घरून लसणाची चटणी न्या, चव येते. आजोबा मांस खाणारे, पण कोंबडीचं सारण भरलेला पाय त्यांनी २०१०पासून सोडला आहे. आमची चटणी त्यांना आता लागते, डबी पुढे करतात.

पाऊस मध्यंतरानंतर आला. इथला पाऊस साधा नव्हे. २०२५च्या सप्टेंबरात इप्सविचविरुद्ध १-० पुढे असताना शेवटची दहाएक मिनिटं उरली आणि मैदानात तळं झालं म्हणून सामना सोडून द्यावा लागला, वर लीगने तो पहिल्यापासून खेळायला लावला. आम्ही दोघांनी चादर वर धरली ती साठाव्या मिनिटाला. पुढच्या रांगेतले वळून बघायला लागले. आजोबांनी मधली बाजू उचलली, कारण भिजल्यावर ती म्हशीसारखी जड झाली होती. समोर संचालकांच्या खुर्च्यांत काही माणसं होती, पुण्याचं कुणी नव्हतं. मागून कुणीतरी विचारलं, काय लिहिलंय? आजोबांनी सांगितलं. मागच्याने त्याच्या मागच्याला. हसू रांगारांगांनी वर चढत गेलेलं मी ऐकलं. गोल झाल्यावरचा आवाज नव्हता तो, लग्नात उखाणा नीट जमल्यावर होतो तसा होता.

सामना संपल्यावर निळा रंग माझ्या कोटावर, पोराच्या शाळेच्या बुटांवर आणि आजोबांच्या टोपीच्या पांढऱ्या पट्ट्यावर. चादर पिळवत नव्हती. तोच रक्षक आला, म्हणाला, धरा तिकडून. आम्ही दोघांनी चार टोकं धरली, विरुद्ध दिशांना पीळ दिला, पाणी पायरीवर ओघळलं. मग टोकाला टोक, तो माझ्याकडे चालत आला, मी घडी घेतली, परत मागे. लहानपणी गच्चीवर आई आणि मी अशाच चादरी घड्या करायचो. तो अर्धा तारा त्याचा.

फोटो रात्री दादाला पाठवला. पुण्यात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, सकाळी उत्तर आलं. बालेवाडी नाही, क्लब नाही, मालक नाही. फक्त एवढंच: "'वर्षं'वरचा अनुस्वार कुठे गेला?"

चादर झूम करून पाहिली. पावसात गेला होता. पुढच्या घरच्या सामन्याआधी परत द्यायचाय, या वेळी ऑइलपेंटने.